थोरल्याचा आवाज

नेव्हिल स्टॅदर्सला नकला करायची खोड लहानपणापासूनच. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हल शहरात हेसल रोडच्या गल्ल्यांमधून सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असे. स्टॅदर्सांचा धाकटा कुणाची केव्हा टोपी उडवील याचा नेम नाही, हेही ठाऊक होतं. नाकात बोलणारे पाद्री, मासळीच्या दुकानातली तिरसट बाई, कोळशाच्या गाडीवरचा लंगडा म्हातारा, कुणी त्याच्या तावडीतून सुटलं नाही. आई उंबरा घासता घासता हसून बेजार व्हायची आणि मग ओलं फडकं उगारायची, "एक दिवस कुणाचा तरी मार खाशील मेल्या!"

फक्त एका माणसाची नक्कल त्यानं घरात कधी केली नाही. थोरल्या भावाची, क्लिफची.

क्लिफ बोलताना अडखळायचा. एक डोळा मिटायचा, हनुवटी वर जायची, घशात घोट अडकल्यासारखा 'हप्' असा आवाज यायचा आणि मग पहिलं अक्षर तीन-चारदा आपटून शब्द बाहेर पडायचा. एकदा का वाक्य पुरं झालं की ओझं उतरवल्यासारखा तो म्हणायचा, "म्हणजे झालंच की." आई सांगायची, युद्धात बॉम्ब पडून अर्धी गल्ली कोसळली तेव्हा क्लिफ धाकट्याला पोटाशी धरून स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसला होता. दोघांना बाहेर काढलं तेव्हापासून त्याची जीभ अडकायला लागली. शेजारची आँटी व्हाय मात्र म्हणायची, "काहीतरीच तुझं! तो पाळण्यातसुद्धा अडखळतच रडायचा." खरं काय ते नेव्हिलला कधी कळलं नाही. तो तेव्हा तीन वर्षांचा होता.

वडील उत्तरेकडच्या समुद्रात मासेमारीला गेले ते बोटीसकट गेले. क्लिफनं शाळा सोडली आणि गोदीत बोटींतून मासे उतरवायच्या कामाला लागला. लाकडी तळव्यांचे बूट घालून मध्यरात्री घरातून निघायचा, सकाळी कॉड माशांच्या वासासकट परत यायचा आणि संध्याकाळ झोपून काढायचा. घर त्याच्यावर चाललं. नेव्हिलनं नट व्हायचं म्हटलं तेव्हा आई डोक्याला हात लावून बसली, पण क्लिफ म्हणाला, "जा... ज्... ज्... जाऊ दे त्याला. इथं राहिला तर प्... पाद्र्यांच्या हातून मरेल." नेव्हिल नाटकाच्या शाळेत गेला तो पायातल्या बुटांसकट थोरल्याच्या जिवावरच गेला.

पुढची दहा-बारा वर्षं गावोगावच्या नाटक मंडळ्यांतून गेली. याचा नोकर, त्याचा पोलीस, खुनाच्या नाटकात पहिल्या अंकात मरणारा पाहुणा. चेहरा असा की बघितल्या बघितल्या विसरावा. मंडळीतल्याच रोझलिन नावाच्या मुलीशी लग्न केलं, भाड्याच्या खोल्या बदलल्या. तिशी उलटली तेव्हा त्याच्या मनानं हळूहळू हार खायला सुरुवात केली होती.

अशात मँचेस्टरच्या एका दूरदर्शन कंपनीतून बोलावणं आलं. 'मिसेस ट्विग्जच्या खोल्या' नावाची विनोदी मालिका होती. समुद्रकाठचं एक भाडेकरूंचं घर, आणि त्यात एका भागापुरता नळ दुरुस्त करायला येणारा विल्फ. नेव्हिलनं उतारा सरळ वाचून दाखवला. जॅक लँगफर्ड नावाचा निर्माता खिडकीबाहेर बघत होता. हेही गेलं, असं नेव्हिलला वाटलं, आणि पुढचं वाक्य म्हणताना त्याचा डावा डोळा आपोआप मिटला. हनुवटी वर गेली. 'हप्.'

लँगफर्डनं मान वळवली. उतारा संपेपर्यंत कोपऱ्यातली टंकलेखक बाई डोळे पुसत होती.

"अरे बाबा," लँगफर्ड म्हणाला, "हा प्राणी आणलास कुठून?"

"असाच... सुचला."

एका भागाचं काम तीन भागांचं झालं, मग कायमचं झालं. नळ दुरुस्त करायला आलेला विल्फ त्या घरातून परत गेलाच नाही. आणि 'म्... म्... म्हणजे झालंच की!' हे वाक्य शाळेच्या मैदानांपासून दारूच्या गुत्त्यांपर्यंत सगळीकडे ऐकू यायला लागलं.

त्या वर्षी नेव्हिलनं घरी जायचं टाळलं. पण नाताळला आईनं हट्टच धरला. तोवर तिनं घरात दूरदर्शन संच आणला होता, नाताळचा खास भाग होता आणि सगळी गल्ली बघायला येणार होती. नेव्हिलनं मनाची समजूत घातली होती की क्लिफनं तो कार्यक्रम एव्हाना पाहिला असेल, हसला असेल, विसरलाही असेल. त्याच्या लक्षात आलं नव्हतं की त्या वेळेला क्लिफ झोपलेला असतो.

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई, क्लिफ, त्याची बायको ईनिड, आँटी व्हाय, शिवाय दोन-तीन बिऱ्हाडं. पुडिंगच्या बश्या मांडीवर घेऊन सगळे बसले. विल्फ पडद्यावर आला, डोळा मिटला, घोट अडकला, आणि संचातल्या प्रेक्षकांबरोबर खोलीतला एक माणूस सगळ्यांत मोठ्यानं हसला. क्लिफ. गुडघ्यावर थापा मारून हसत होता तो. माणसाला आपला चेहरा आरशात तरी दिसतो. आपण बोलतो कसे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? बाकीचे आधी हसले आणि मग एकेक करून गप्प होत गेले. नेव्हिल बशीत बघत राहिला.

"ह्... ह्... हा माणूस येडाच आहे!" क्लिफ डोळे पुसत म्हणाला.

आँटी व्हाय समजून चालली होती की दोघा भावांचं हे आपसांत ठरलेलंच असणार. ती खदाखदा हसत म्हणाली, "हसतोस काय गाढवा? तूच आहेस की तो! हुबेहूब उचललाय पोरानं तुला."

हसू क्लिफच्या तोंडावर काही वेळ तसंच राहिलं, जाग्यावरून हलायला विसरल्यासारखं. त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग नेव्हिलकडे.

"म्... मी असा दिसतो?"

पडद्यावर विल्फनं ते वाक्य म्हटलं आणि हशा उसळला. क्लिफनं खुंटीवरची टोपी घेतली. "काम आहे जरा," म्हणाला. नाताळच्या दिवशी गोदी बंद असते, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

भांडी घासताना आईनं नेव्हिलला विचारलं, "तुला दुसरं कुणी सापडलं नाही?"

"आई, लोकांना विल्फ आवडतो गं. जीव लावतात त्याला. वाईट कुणीच म्हणत नाही."

"मी लोकांचं विचारलं का?" आई म्हणाली आणि पुढची बशी घासायला घेतली.

नेव्हिलनं ठरवलं, सकाळी क्लिफशी बोलायचं. सकाळी क्लिफ दार लावून झोपला होता. मग पत्र लिहायचं ठरलं, तेही राहून गेलं. वर्षं गेली. रस्त्यात लोक नेव्हिलला थांबवायचे, टॅक्सीवाले भाडं घ्यायचे नाहीत, एका शहरात नव्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याला नेलं तर पोरांनी रस्ता अडवला. त्याला ते आवडत होतं, खोटं कशाला बोला? इतकी वर्षं ज्याचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहत नव्हता, त्याला बघून म्हाताऱ्या बायका रडत होत्या. घरचं काही मनात आलं की तो आईला लोकरीचा कोट पाठवायचा. क्लिफसाठी काही पाठवलं तर ते आईच्याच कपाटात पडून राहायचं.

मग एके दिवशी तालीम आटोपून तो रंगपटात आला तर खुर्चीवर ईनिड बसलेली. डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी, पायात बाहेर जायचे चांगले बूट. हलहून मँचेस्टरला ती एकटी आली होती. आयुष्यात कधी लीड्सच्या पलीकडे न गेलेली बाई.

"क्लिफ बरा आहे ना?" नेव्हिलनं घाबरून विचारलं.

"जेवतो, झोपतो. बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही. काय हवं ते बोटानं दाखवतो. दुकानात मला पाठवतो. गोदीत त्याला विल्फ म्हणतात, चार-पाच वर्षं झाली. आधी मारामाऱ्या केल्या, मग ओ द्यायला लागला. तेवढं मी सोसलं, नेव्ह. माणसं चेष्टा करायचीच." तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "गोदी बंद होतेय, कळलं असेल तुला. नुकसानभरपाईची सभा झाली. क्लिफच्या टोळीनं त्यालाच उभं केलं बोलायला. वीस वर्षांत त्यानं कुणाची हाजी हाजी केली नाही म्हणून. आठवडाभर माझ्यासमोर पाठ म्हणत होता. तुला माहितेय ना, आधीही तो बोलायचा. अडखळायचा, पण बोलायचा. लोक थांबायचे त्याच्यासाठी."

"मग?"

"उभा राहिला. डोळा मिटला. एवढंच. शब्दही फुटला नव्हता रे! मागून कुणीतरी ओरडलं, 'म्हणजे झालंच की!' आणि सगळं सभागृह हसलं. गोदीचे हसले, मालकांकडचे हसले. ज्यांच्या पोटावर पाय आला होता तेही हसले. तो खाली बसला."

नेव्हिलनं तिच्यासाठी चहा ओतला.

"ती माणसं वाईट नाहीत," ईनिड म्हणाली. "त्यांना आधी हसू येत नव्हतं. तू शिकवलंस."

तिनं चहा घेतला नाही. स्टेशनवर पोचवतो म्हणाला तर म्हणाली, "नको बाबा. तुझ्याबरोबर दिसले तर लोक जमतील."

नेव्हिल त्याच पावली लँगफर्डकडे गेला. विल्फचं अडखळणं बंद करू, म्हणाला. तो डॉक्टरकडे जातो, बरा होतो, असं काहीतरी लिहून घ्या. लँगफर्डनं पाइप खाली ठेवला.

"नेव्हिल, तुला गाडीतलं इंजिन काढून गाडी चालवायची आहे."

"तो माझा भाऊ आहे, जॅक. मी भावाची नक्कल करतो."

"मग त्याला सांग, देशभर लोकांचा लाडका आहे म्हणून. फुलं पाठवू का त्याला?" लँगफर्ड दुष्ट नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

पुढच्या भागाच्या चित्रीकरणाला नेव्हिलनं कुणाला न विचारता विल्फला सरळ बोलायला लावलं. समोर नेहमीसारखे दोन-तीनशे प्रेक्षक होते. त्यानं वाक्य म्हटलं. शांतता. दुसरं म्हटलं. कुणीतरी खोकलं. बरोबरची नटी घाबरून त्याच्याकडे बघायला लागली. लँगफर्डनं चित्रण थांबवलं, खाली आला आणि कानाशी म्हणाला, "लोक इस्टरपासून तिकिटाची वाट बघतायत, राजा. यांच्याकडे बघ." नेव्हिलनं पाहिलं. पहिल्या रांगेत म्हातारे नवरा-बायको हात हातात घेऊन बसले होते, हसायला तयार होऊन.

दुसऱ्या खेपेला त्यानं डोळा मिटला.

हसण्याची ती लाट अंगावर आली आणि त्याला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, थंडीतून शेकोटीजवळ आल्यासारखं वाटलं. घरी जाऊन त्यानं रोझलिनला ईनिडचं सगळं सांगितलं, पण हे सांगितलं नाही. पुढं जन्मभर जे त्याला खात राहिलं ते हेच. भावाचं बोलणं त्यानं नकळत उचललं होतं, असं मन सांगायचं. पण त्या संध्याकाळी त्यानं ते कळून सवरून पुन्हा उचललं होतं.

मालिका आणखी दोन वर्षं चालली आणि मग जशा सगळ्या मालिका संपतात तशी संपली. नेव्हिलला वाटलं, सुटलो. नाटकात गंभीर काम मिळालं तर तो पोलादी चेहऱ्यानं रंगमंचावर यायचा आणि पहिलं वाक्य बोलायच्या आतच सज्जात खसखस पिकायची. कामं येत ती सगळी विल्फसारख्यांची. आधी त्यानं नाकारली, मग डबाबंद घेवड्याच्या जाहिरातीत एकदा डोळा मिटला, मग सूप, मग गालिचे. दारू वाढली. रोझलिन म्हणाली, "तू घरात विल्फसारखा नसतोस, नेव्हिलसारखाही नसतोस. मी राहू कुणाबरोबर?" ती गेली. नाताळात मुलांच्या नाटकांत तो राजाचा आचारी, राणीचा दूत असली कामं करत गावोगाव हिंडायला लागला. पुन्हा भाड्याच्या खोल्या.

आई गेल्याची तार त्याला अशाच एका गावात मिळाली.

गल्लीतली निम्मी घरं तोवर पाडलेली होती. प्रार्थनाघर मात्र भरलं होतं. पाद्री नवे होते, तरुण होते. त्यांनी घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावेत म्हटलं, आणि बोलताना नेव्हिलकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नट तो होता. नेव्हिल उठायला गेला आणि ईनिडनं त्याच्या बाहीवर हात ठेवला.

क्लिफ आधीच उभा होता.

नेव्हिलनं त्याला किती वर्षांनी पाहिलं! केस पांढरे, खांदे अजून तसेच रुंद. कागद नव्हता हातात. त्यानं समोरच्या बाकाची कड धरली, डोळा मिटला, हनुवटी वर गेली.

"आ... आ... आई..." तो म्हणाला, आणि अडकला. फार वेळ अडकला. मग पुन्हा सुरू झाला. आईनं वडील गेल्यावर मासे खारवायच्या कारखान्यात कसं काम केलं, बर्फाच्या पाण्यानं तिची बोटं कशी वाकली, आणि त्या वाकड्या बोटांनी ती पाव कसा कापायची, सगळे तुकडे सारखे, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याला जितका वेळ लागायचा तितका लागला. कुणी हसलं नाही. आँटी व्हाय रुमालात तोंड खुपसून रडत होती.

आणि नेव्हिल? प्रत्येक अडखळण्याला हशा नेमका कुठं येणार हे त्याच्या अंगाला माहीत होतं. शब्द फुटायच्या क्षणभर आधी त्याचे खांदे आपोआप ताठ होत, कान टवकारत, हशासाठी जागा सोडली जाई. हशा येत नव्हता. आईच्या शवपेटीपुढं बसून तो हशाची वाट बघत होता. त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्यानं ओठ चावला आणि रक्ताची चव आली.

नंतर घरी हॅमचे सँडविच आणि चहा झाला. मंडळी पांगली. क्लिफ मागच्या स्वयंपाकघरात कप विसळत होता. नेव्हिलनं फडकं घेतलं आणि पुसायला लागला.

"क्लिफ, मी फार मोठं पाप केलं रे."

क्लिफनं कप उपडा ठेवला.

"मी थांबवायला गेलो होतो एकदा. जमलं नाही. म्हणजे... जमवलं नाही."

"ई... ईनिडनं सांगितलं होतं, ती गेली होती ते. न्... नंतर."

"तू मला शिव्या घाल. मार तरी."

क्लिफनं नळ बंद केला. मग ओल्या हातांनीच ओट्याला टेकला. "तुला मी क्... कधी नाही म्हटलंय, नेव्ह? न्... नाटकाच्या शाळेला? बुटांना? तू येऊन म्हणाला असतास, क्लिफ, तुझं बोलणं ह्... हवंय मला एका कामासाठी. मी घे म्हटलं असतं. ह्... हसून घे म्हटलं असतं." त्याचा श्वास संपला. पुन्हा भरून घेऊन तो म्हणाला, "तू विचारलं न्... नाहीस. मी ब्... बसलो होतो तिथं पुडिंग खात. सगळ्यांना म्... माहीत. मला नाही."

नेव्हिलनं तोच कप पुन्हा पुसला.

"माफ करशील?" शेवटी त्यानं विचारलं.

"न्... नाही माहीत," क्लिफ म्हणाला. रागानं नाही, वेळ विचारल्यावर घड्याळ नाही म्हणावं तसं. "तो पुसून झालाय. द्... दुसरा घे."

नेव्हिल परत गेला तो त्या हंगामापुरता. पुढच्या वर्षी त्यानं हलमध्येच, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि विल्फची सगळी कामं बंद केली. त्यात मोठेपणा नव्हता. तोवर मागणीही फारशी उरली नव्हती. रेडिओवर पुस्तकं वाचायचं काम त्याला मिळालं, तिथं कुणाला चेहरा दिसत नसे आणि आवाज त्याचा स्वतःचा लागत असे. तो स्वतःचा आवाज कसा असतो हे आठवायला त्याला काही महिने लागले.

गोदी गेल्यापासून क्लिफ एका शाळेच्या बागेत कामाला होता. रविवारी ईनिड नेव्हिलला जेवायला बोलवायची. क्लिफनं कधी स्वतः बोलावलं नाही, कधी येऊ नको असंही म्हटलं नाही. तो आता दुकानात स्वतः जायला लागला होता, असं ईनिडनं एकदा दारात हळूच सांगितलं. नवी पोरं मोठी होत होती, त्यांनी विल्फ पाहिला नव्हता. नेव्हिलनं काही केलं म्हणून ते घडलं नाही, नुसता काळ गेला म्हणून घडलं, हे दोघांनाही कळत होतं.

जेवताना क्लिफचा शब्द अडकला की नेव्हिल काटा-सुरी खाली ठेवून थांबायचा. एकदा क्लिफ चिडलाच. "त्... त्... तू असा पुतळ्यासारखा बघत बसू नकोस रे! मटण ग्... गार होतंय. जेव की."

"जेवतो," नेव्हिल म्हणाला. त्यानं काटा उचलला आणि खाता खाता भावाचं वाक्य पुरं व्हायची वाट बघायला लागला.